मूळ न विसरलेल्या पेशी

१९४३ साली न्यूयॉर्कच्या माँटेफिओर रुग्णालयात डॉ. सॅम्युएल साइडलिन यांच्यापुढे एक कोडं होतं. रुग्णाची थायरॉइड ग्रंथी कित्येक वर्षांपूर्वीच काढून टाकलेली. तरीही ग्रंथी बेसुमार काम करत असल्याची लक्षणं अंगावर उघड दिसत होती. जी ग्रंथी शरीरात नाही, तिचा स्राव येतो कुठून? तो येत होता शरीरभर पसरलेल्या कर्करोगाच्या गाठींतून. थायरॉइडपासून दूर जाऊन रुजलेल्या त्या गाठी थायरॉइडचंच काम इमानानं करत होत्या. साइडलिन यांनी किरणोत्सारी आयोडीन पाजलं. ते रक्तातून फिरत नेमकं त्या गाठींत जाऊन बसलं आणि तिथून किरण सोडू लागलं. रुग्णाला आराम पडला. १९४६ साली हा वृत्तान्त अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आला.

या एका रुग्णाकडे मी पुन्हा पुन्हा वळतो. आपल्याकडे ‘पसरला’ हा शब्द घरात उच्चारला की बोलणंच संपतं. नातेवाईक दाराबाहेर जाऊन कुजबुजतात, आणि रुग्णाला काय सांगायचं नाही याची यादी तयार होते. पण पसरणं म्हणजे सगळं बेवारस होणं नव्हे, हे त्या गाठींनी दाखवून दिलं. फुफ्फुसात शिरलेली थायरॉइडची पेशी फुफ्फुसाची होत नाही. तिची आयोडीनची तहान तिच्याबरोबर जाते, आणि तिला गाठायची वाट त्या तहानेतूनच निघते.

स्टीफन पॅजेट या इंग्रज शल्यविशारदानं १८८९ साली कर्करोगाच्या फैलावाला बीज आणि जमीन यांच्या नात्याची उपमा दिली होती. बी सगळीकडे उडतं, पण मानवेल त्याच मातीत उगवतं. आजही ती उपमा वैद्यकात चालते. तरी मला त्यातला दुसरा धागा अधिक मोलाचा वाटतो: जमीन बदलली तरी बियाची जात बदलत नाही.

किरणोत्सारी आयोडीनमागची मूळ कल्पना बॉस्टनच्या सॉल हर्ट्झ यांची. नोव्हेंबर १९३६ मध्ये एका व्याख्यानानंतर त्यांनी भौतिकशास्त्रज्ञ कार्ल कॉम्प्टन यांना विचारलं, की आयोडीन कृत्रिमरीत्या किरणोत्सारी करता येईल का? थायरॉइड आयोडीन खेचून घेते हे वैद्यांना ठाऊक होतं, नवी मूलद्रव्यरूपं घडवता येतात हे भौतिकशास्त्रज्ञांना. दोन्ही माणसं एका खोलीत आली नव्हती, एवढंच. १९४१ साली हर्ट्झ यांनी थायरॉइडच्या अतिस्रावावर पहिला उपचार केला.

या उपचाराची पूर्वतयारी मला फार अर्थपूर्ण वाटते. आधी दोनेक आठवडे रुग्णाचं आयोडीन तोडतात. आयोडीनयुक्त मीठ बंद, समुद्रातली मासळी बंद, दूध आणि अंडी जवळपास बंद. कोकणातल्या घराला हे पथ्य जड जातं. अनेकदा थायरॉइडची गोळीही काही आठवडे थांबवतात. त्यानं माणूस थकतो, सुजतो, त्याला थंडी वाजते, पण लपलेल्या पेशी मात्र भुकेनं जाग्या होतात. मग आयोडीन-१३१ ची मात्रा देतात. तिचं अर्धायुष्य आठ दिवसांचं, म्हणजे दर आठ दिवसांनी ती निम्मी होते. मात्रा मोठी असली तर रुग्णाला स्वतंत्र खोलीत एकटं ठेवतात, आणि जेवणाचं ताट दाराशी येतं. घरी गेल्यावरही काही दिवस लहान मुलांना आणि गरोदर बाईला जवळ घ्यायचं नाही. ज्या आईचं मूल तान्हं आहे, तिला हे दिवस आजारापेक्षा कठीण जातात. औषधाच्या हिशेबात हा विरह कुठे नोंदला जात नाही, तो नोंदला जावा असं मला मनापासून वाटतं.

काही रुग्णांत पेशी कालांतरानं आपलं मूळ विसरतात. त्या आयोडीन घेईनाशा होतात, आणि मग कितीही मात्रा द्या, ती नुसती शरीरातून वाहून जाते. अशा पेशी बहुधा अधिक आक्रमकही असतात. कर्करोगाचं खरं भय पसरण्यापेक्षा या विस्मरणात आहे, असं मी म्हणेन.

रेडियमची कथा याच सूत्राची काळी बाजू. रेडियम रासायनिकदृष्ट्या कॅल्शियमचा भाईबंद. शरीर फसतं आणि ते हाडात बसवतं. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत न्यू जर्सीच्या कारखान्यात अंधारात चमकणाऱ्या घड्याळांच्या तबकड्या रंगवणाऱ्या तरुण मुली ब्रशाला ओठांनी टोक काढत. तो रंग रेडियमचा. त्यांच्या जबड्यांची हाडं सडली, कित्येक जणी गेल्या. पोटात गेलेलं ते रेडियम-२२६, अर्धायुष्य सुमारे सोळाशे वर्षं. २०१३ साली अमेरिकेत मान्यता मिळाली ती रेडियम-२२३ ला, हाडांत पसरलेल्या प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी. त्याचं अर्धायुष्य साडेअकरा दिवसांच्या आत. मूलद्रव्य तेच, हाडाची ओढ तीच. फरक एवढाच की ते लवकर विझतं. त्याचे अल्फा कण मिलिमीटरच्या दहाव्या भागापलीकडे सहसा जात नाहीत. त्या मुलींच्या मरणातून आलेलं हाडांचं ज्ञान या औषधाच्या मुळाशी आहे. त्यांची आठवण न ठेवता हे औषध वापरणं मला कृतघ्नपणाचं वाटतं.

आयोडीन आणि रेडियम यांना वाट निसर्गानंच दिलेली. इतर कर्करोगांसाठी ती शोधावी लागली. प्रोस्टेटच्या पेशींवर पीएसएमए नावाचं प्रथिन भरपूर असतं. त्याला चिकटणारा एक छोटा रेणू घ्यायचा आणि त्याला किरणोत्सारी लुटेशियम-१७७ बांधायचं. हे औषध शिरेतून साधारण सहा आठवड्यांनी एकदा, असं चार ते सहा वेळा देतात. त्याआधी तसल्याच रेणूला गॅलियम-६८ बांधून पेट स्कॅन काढतात. स्कॅनवर गाठी उजळल्या तर लुटेशियम तिथे पोचेल. नाही उजळल्या तर देऊ नये. आपण कुणाला मदत करू शकणार नाही हे आधीच सांगणारा उपचार मला विश्वासाचा वाटतो.

तरी नेम पूर्ण शुद्ध नसतो. हेच प्रथिन लाळग्रंथींवर आणि मूत्रपिंडांतही असतं, त्यामुळे तोंड कोरडं पडतं. रक्तमज्जेलाही झळ लागते. अर्जुनाला सोडलेलं अस्त्र आवरता आलं, अश्वत्थाम्याला नाही. शिरेत गेलेलं लुटेशियम तर कुणालाच परत बोलावता येत नाही. काही भाग लघवीवाटे निघून जातो, उरलेलं आपल्या साडेसहा-पावणेसात दिवसांच्या अर्धायुष्यानं निम्मं निम्मं होत जातं.

या निम्म्याचा हिशेब दुसरीकडेही भेटतो. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘व्हिजन’ चाचणीत, इतर उपचार करून थकलेल्या ८३१ रुग्णांमध्ये, लुटेशियम घेणाऱ्यांचं मध्यक आयुष्य १५.३ महिने होतं, न घेणाऱ्यांचं ११.३. चार महिने. कुणी म्हणेल, एवढंच? ज्याच्या नातीचं लग्न तीन महिन्यांवर आलंय त्याला विचारावं. शिवाय मध्यक म्हणजे मुदत नव्हे. निम्मी माणसं त्याच्या पुढे जगतात. जीवाश्मशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांना १९८२ साली पोटातल्या मेसोथेलिओमाचं निदान झालं. ग्रंथांत मध्यक आयुष्य आठ महिने लिहिलेलं होतं. ते आणखी वीस वर्षं जगले, आणि २००२ साली दुसऱ्याच कर्करोगानं गेले. पण पुढच्या निम्म्यात आपण असूच, असं आश्वासन कुणीही देऊ नये.

अर्धायुष्याचा आणखी एक परिणाम मराठी माणसाच्या दाराशी आहे. आठवड्यात निम्मं होणारं औषध गोदामात साठवता येत नाही. अणुभट्टी, वाहतूक आणि रुग्णाची तारीख यांचं गणित जुळावं लागतं. तुर्भ्याला १९५६ साली अप्सरा सुरू झाली, आशियातली पहिली संशोधन अणुभट्टी. १९६३ साली परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर उभं राहिलं. तुर्भ्याच्याच ध्रुव अणुभट्टीत लुटेशियम-१७७ तयार होतं. ही दूरदृष्टी मोठी होती. पण टाटा रुग्णालयाच्या आसपासच्या पदपथांवर आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहणारी माणसं पाहिली, की अंतर केवळ किलोमीटरांत मोजता येत नाही हे कळतं. नांदेडच्या किंवा गडचिरोलीच्या रुग्णाला परळ परदेशाइतकंच लांब असू शकतं. अशी केंद्रं विभागा-विभागात झाली पाहिजेत, आणि तिथला उपचार सरकारी योजनांतून रुग्णाच्या खिशाला परवडला पाहिजे.

तोवर घरात कुणाचा आजार पसरला असेल, तर बाहेर जाऊन कुजबुजू नका. रुग्णाला शेजारी बसवून डॉक्टरांना विचारा: या पेशी अजून कशाला धरून आहेत का? ते स्कॅनवर दिसतं का? औषध दिलं तर किती काळ अपेक्षित आहे, तोंडाला, मूत्रपिंडांना, रक्ताला काय होईल, खर्च किती येईल? आणि नको म्हटलं, तर वेदना कमी ठेवण्याची सोय कोण करील? ही उत्तरं ऐकण्याचा पहिला हक्क रुग्णाचा आहे.