कानामागे टाकू नकोस

उम्म अल कुवैन
एप्रिलचा पहिला आठवडा

चि. सोनू,

परवा फोनवर तू विचारलंस, "आबा, तिकडच्या घामाने तुमचं मशीन बिघडत नाही?" आणि मी तोंड उघडायच्या आत तुझ्या बाबाने फोन घेतला. पंधरा वर्षं मी कानामागे ऐकायचं मशीन लावतोय, पण घरातल्या कुणी मला हे कधी विचारलं नव्हतं. ज्याच्या कानाला लागलेलं असतं त्यालाच असा प्रश्न सुचतो. तू मे महिन्यात इकडे येणार, तुझं मशीन जेमतेम चार महिन्यांचं. तेव्हा उत्तर सविस्तर देतो.

बिघडतं. पण घामापेक्षा जास्त एसीने.

उम्म अल कुवैन म्हणजे समुद्रात घुसलेली जमिनीची चिंचोळी पट्टी. एका अंगाला आखात, दुसऱ्या अंगाला खाडी आणि तिवरांचं रान. ऑगस्ट-सप्टेंबरात हवा इतकी दमट असते की घराबाहेर पाऊल टाकताच चष्म्याच्या काचा पांढऱ्या होतात. एसीत गार झालेल्या काचेवर बाहेरची ओल बसते. रत्नागिरीला पावसाळ्यात पापड सादळतात, ती ओल आपल्या ओळखीची. ती घरात, अंगणात, सगळीकडे सारखी. इथे माणूस दिवसातून दहा वेळा गारव्यातून वाफेत आणि वाफेतून गारव्यात जातो, आणि प्रत्येक वेळी कुठे ना कुठे पाणी धरतं.

एकदा सप्टेंबरात संध्याकाळी समुद्राकाठच्या कॉर्निशवर तासभर चालून मी दूध घ्यायला कोपऱ्यावरच्या ग्रोसरीत शिरलो. अंग घामाने निथळत होतं, आत एसीचा नुसता कडाका. गल्ल्यावरचा केरळी मुलगा रोजच्या ओळखीचा. तो काहीतरी बोलला. ओठ हलले, पण आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा. मग थोडी खरखर झाली आणि उजवा कान बंद. सेल तर त्याच सकाळी नवा घातलेला. घरी येऊन मी टेबलावरचा दिवा लावला आणि मोल्डची, म्हणजे कानात बसणाऱ्या भागाची, ट्यूब उजेडासमोर धरली. वळणापाशी मोहरीपेक्षाही लहान असा पाण्याचा एक थेंब अडकून बसला होता. मशीनला काही म्हणजे काही झालेलं नव्हतं. कानातली हवा अंगाच्या उबेची आणि ओलसर असते. बाहेरची ट्यूब गार पडली की ती वाफ ट्यूबच्या आतल्या बाजूला धरते, भाताच्या पातेल्यावरच्या झाकणाला धरते तशी. ट्यूबची वाट मुळात एवढीशी. एका थेंबाने ती बुजते आणि आवाज पलीकडेच राहतो.

आता यावरचा उपाय नीट लक्षात ठेव. मोल्ड ट्यूबसकट मशीनच्या हुकापासून हलकेच सोडवायचा. कानात बसणारा भाग आणि नळी एका हातात, कानामागचा बाकदार भाग बाजूला, कोरड्या कापडावर. मग ट्यूबच्या टोकाला एक छोटा रबरी फुगा लावून दोन-तीनदा दाबायचा. थेंब पलीकडून उडताना दिसतो. तोंडाने फुंकायचं नाही, कारण तोंडाची हवाही ओलीच. आणि फुगा मशीनच्या बाजूला, म्हणजे हुकाला, कधीही लावायचा नाही. मग ट्यूब परत हुकावर चढवायची, मोल्ड आणि मशीन यांची वळणं जुळवून. दोन मिनिटांचं काम आहे. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी माणसं "मशीन गेलं" म्हणून ते कपाटात टाकतात. हे मी ऐकीव सांगत नाही, त्या माणसांत मीही होतो.

ती हकीकत तुला कुणी सांगितलेली नसेल. १९७९ साली मी या गावात आलो ते एका बर्फाच्या कारखान्यात. मासेमारीचं गाव, त्यामुळे बर्फाला मागणी दिवसरात्र. बावीस वर्षं मी तिथल्या कॉम्प्रेसरशेजारी उभा होतो. हातभर अंतरावरच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागायचं. जिथे असं ओरडावं लागतं तिथला आवाज बहुधा ८५ डेसिबलच्या वर असतो, आणि ८५ डेसिबलला आठ तास ही कानाची मर्यादा मानतात. पुढे दर तीन डेसिबलला ती निम्म्यावर येते: ८८ ला चार तास, ९१ ला दोन. हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. कानात कापसाचा बोळा घालून कामाला लागायचो. कापसाने तो आवाज थांबत नाही.

असा कान एकदम जात नाही. आधी बारीक, उंच आवाज जातात. स्वर जाड आणि दणकट असतात, ते शेवटपर्यंत ऐकू येतात. स, श, त, थ यांसारखी व्यंजनं वाऱ्यासारखी बारीक, ती पहिल्यांदा गळतात. आजी 'सात' म्हणायची आणि मला 'आत' ऐकू यायचं. "ऐकू येतं गं, पण कळत नाही," असं मी म्हणायचो आणि तिला वाटायचं, माझं लक्ष नाही. तुझ्या कानांचं कारण वेगळं आहे, तुझं जन्मापासूनचं. पण तुझा ऑडिओग्राम बाबाने मला पाठवला तेव्हा त्याची रेघ उजवीकडे खाली उतरताना पाहिली आणि समजलं, तुझेही 'स' आणि 'श' असेच निसटत असणार. वर्गात बाईंनी सांगितलेलं तू कुठेकुठे अंदाजाने भरून काढत असशील, आणि घरी येऊन दमत असशील, तेही समजलं.

२००६ साली मी पहिलं मशीन एका दुकानातून घेतलं. कोणत्या गावच्या, ते जाऊ दे. मोल्ड सैल होता, मशीन सारखं शिट्टी मारायचं, आणि प्रत्येक भांडं डोक्यावर आपटल्यासारखं वाजायचं. दुकानदाराने "सवय होईल" म्हटलं आणि तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. दोन आठवड्यांत ते मशीन ड्रॉवरमध्ये गेलं आणि चार वर्षं तिथेच राहिलं. त्या चार वर्षांत तुझ्या काकाचं लग्न झालं. मांडवात माझ्याशी कोण काय बोललं, ते मला आजही सांगता येत नाही. या एका गोष्टीचं मला अजून वाईट वाटतं.

२०१० साली रजेवर आलो तेव्हा तुझा बाबा मला हट्टाने वांद्र्याला घेऊन गेला, अली यावर जंग संस्थेत. महाराष्ट्राच्या एका राज्यपालांच्या नावाची ही केंद्र सरकारची संस्था १९८३ पासून चालू आहे. तुझी तपासणीही तिथेच झाली, हे तुला ठाऊकच आहे. तिथल्या बाईंनी माझ्या कानात आधी कापसाचा छोटा अडसर बसवला, मग गार गार लगदा भरून कानाचा ठसा घेतला, आणि त्यावरून नवा मोल्ड करून दिला. शिट्टी थांबली. शिट्टी म्हणजे मशीनचा दोष असं आपण धरून चालतो, पण बहुतेक वेळा मोल्डच्या कडेने बाहेर निसटलेला आवाज माइकमध्ये परत शिरतो आणि गोल गोल फिरत राहतो. सैल मोल्ड, नीट न बसवलेला मोल्ड, चिरलेली ट्यूब, कानात साठलेला मळ, ही त्याची कारणं. तू अजून वाढतेस, तुझा कानही वाढतो. शिट्टी सुरू झाली तर आवाज कमी करून गप्प बसू नकोस, मोल्ड बदलून घे.

त्या बाईंनी आणखी एक सांगितलं. मशीन कानाला आवाज पोचवतं, पण त्याचा अर्थ लावायला मेंदूला पुन्हा शिकावं लागतं, आणि मेंदू रोज तासन् तास ऐकल्याशिवाय शिकत नाही. पहिल्या आठवड्यात मला फ्रिजची घरघर, स्वतःच्या चपला, वर्तमानपत्राची पानं, सगळं नकोसं झालं होतं. तरी सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत घातलं. तिसऱ्या आठवड्यात केव्हातरी लक्षात आलं की फ्रिज ऐकू येत नाही. तो होताच, मेंदूने त्याला बाजूला सारलं होतं. आणि इथे परत आल्यावर एका सकाळी गच्चीवर बुलबुल ऐकू आला, इथला, गालावर पांढरा डाग असलेला. इतकी वर्षं तो तिथेच बोलत होता. म्हणून सांगतो, शाळेपुरतं घालून घरी काढून ठेवू नकोस. जेवताना, भांडताना, टीव्हीसमोर, सगळीकडे घाल. झोपताना आणि अंघोळीला तेवढं काढ.

काढलं की काय करायचं? माझी रोजची पाच मिनिटं ठरलेली आहेत. मऊ कोरड्या कापडाने पुसतो. मोल्डचं भोक खाली धरून बारीक ब्रशने मळ झटकतो. वर धरून ब्रश फिरवला तर मळ आत जातो. सेल काढून बाजूला ठेवतो आणि मशीन घट्ट झाकणाच्या डबीत, ओल शोषणाऱ्या दाण्यांवर. दाणे निळे असतात, ओल पिऊन पिऊन गुलाबी झाले की बदलायचे. रत्नागिरीत माझी डबी पावसाळ्यात महिना काढायची, इथे ऑगस्टात त्याच्या निम्माही नाही. सेल त्या डबीत ठेवायचा नाही, त्याच्या पोटातली थोडी ओल त्याला लागते, ती दाणे ओढून घेतात. आठवड्यातून एकदा मोल्ड सोडवून कोमट पाण्यात साध्या साबणाने धुवायचा, फुग्याने ट्यूब कोरडी करायची आणि रात्रभर वाळू द्यायचा. पाणी फक्त मोल्डला. ट्यूब पिवळी आणि कडक झाली की ती बदलून घ्यायची, तीन ते सहा महिन्यांत होतेच. दोन्ही मशीनं एकदम उघडलीस तर लाल खूण उजव्याची, निळी डाव्याची.

सेलची एक गंमत आहे. तो हवेवर चालतो. पाठीवर बारीक भोकं असतात, स्टिकर काढला की त्यातून हवा आत जाते आणि आतल्या जस्ताशी तिचं काम सुरू होतं. म्हणून स्टिकर काढून मिनिटभर थांबायचं, मग दार लावायचं. एकदा काढलेला स्टिकर परत चिकटवून सेल वाचत नाही. आणि हा सेल टॉर्चच्या सेलसारखा हळूहळू मंद होत नाही, शेवटपर्यंत चालतो आणि अचानक थांबतो. तेव्हा एक जादा पाकीट दप्तरात हवंच. वापरलेले सेल टेबलावर टाकू नकोस. काकाचा धाकटा अजून दिसेल ते तोंडात घालतो, आणि गिळलेला सेल आतून भाजतो.

इथे आल्यावर तुला खाडीत होडी वल्हवायला न्यायचं काकाने ठरवलंय. तिवरांमधून पाणी संथ आहे, पाणपक्षीही दिसतात. पण मशीन किनाऱ्यावर आजीकडे, डबीत. तुझ्या मशीनवर आयपी ६८, म्हणजे पाण्याच्या परीक्षेत उतरलेलं, असं लिहिलंय हे मला माहीत आहे. ती परीक्षा गोड्या पाण्याची, खारं पाणी तिच्यात धरलेलं नाही. तरी भिजलंच तर सेल काढ, पुस, डबीत ठेव आणि मला सांग. हेअर ड्रायर लावू नकोस. उभ्या गाडीत मशीन विसरायचं नाही, मे महिन्यात बंद गाडीची इथे भट्टी होते. खोबरेल तेल, अत्तर, सनस्क्रीन आधी, मशीन सगळ्यांत शेवटी.

आणि केस. बाबा म्हणाला, तू हल्ली केस मोकळे सोडून कान झाकतेस. का झाकतेस ते मी विचारणार नाही, चौदाव्या वर्षी मीही काय काय झाकलं. फक्त एवढं बघ: माइकची दोन बारीक भोकं मशीनच्या वरच्या कडेला असतात आणि त्यांच्यावर केस घासले की दिवसभर सरसर ऐकू येते. नेमकी 'स'सारखी. जो आवाज परत मिळवायला एवढं केलं तोच त्यात बुडतो. आमच्या शाळेतल्या गुरुजींचं मशीन सदऱ्याच्या खिशात असायचं, वायर कानापर्यंत, आणि सदरा हलला की त्यांना कापडाचाच आवाज. ते फळ्याकडे वळताना एका हाताने खिसा धरून ठेवायचे. तुला एक रबर बँड पुरेल.

रोज सकाळी मशीन घातल्यावर मी स्वयंपाकघराकडे पाठ करून बसतो आणि आजी मागून सहा आवाज काढते: आ, ऊ, ई, म, श, स. बधिर मुलांना बोलायला शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या डॅनियल लिंग यांनी ही सहा अक्षरांची परीक्षा बसवली. जाड आवाजापासून बारीकपर्यंत सगळं बोलणं त्यात येतं. मी ऐकलेलं तसंच म्हणून दाखवायचं. ज्या दिवशी 'स' येत नाही त्या दिवशी मी आधी ट्यूब उजेडासमोर धरतो, मग मोल्डचं भोक बघतो, मग सेल बदलतो. तिन्ही करूनही आला नाही तरच ऑडिओलॉजिस्टला फोन. तू हे आईबरोबर उद्यापासून सुरू कर. मेमध्ये आपण एकमेकांचे घेऊ.

येताना नारिंगी स्टिकरचे सेल हातातल्या पिशवीत ठेव, बॅगेत नको. माझे निळे तुला बसायचे नाहीत. तुझ्यासाठी दाण्यांची नवी डबी आजीने आणून माझ्या डबीशेजारी खिडकीत ठेवली आहे, आणि अंधारात अदलाबदल नको म्हणून तुझीला लाल दोरा बांधलाय.

तुझा,
आबा