लपविणें आणि फसविणें

सत्य लपवून ठेवणें आणि असत्य बोलणें यांत नैतिक भेद आहे कीं नाहीं, हा प्रश्न नीतिशास्त्राइतकाच जुना आहे. त्याचा विचार मोठमोठ्या ग्रंथांच्या आधारें न करतां एका क्षुल्लक करमणुकीच्या आधारें करावा, असें आम्हांस वाटतें. ही करमणूक म्हणजे इंग्रजी वळणाचें कूट शब्दकोडें. आणि उदाहरणें घ्यावयाचीं तीं स्नूकरच्या खेळांतलीं.

स्नूकर हा साहेबाचा खेळ खरा; पण त्याचा जन्म आपल्याच देशांतला. १८७५ सालीं जबलपूर येथें नेव्हिल चेंबरलेन या तरुण लष्करी अधिकाऱ्यानें तो प्रथम मांडला असें मानतात. त्यांत लाल चेंडू पंधरा. लालाचा गुण एक, काळ्याचे सात. आणि आरंभ लालापासूनच करावा लागतो. आतां मासल्यादाखल आम्ही रचलेला एक संकेत वाचकांनीं पाहावा: ‘पहिल्या फटक्याचा चेंडू उद्यानास भिडतांच परळचा शेजारी.’ अक्षरें चार. डोळ्यांपुढें हिरवें टेबल उभें राहतें, आणि तेथेंच आपण चकतों. पहिला फटका लालावर, उद्यान म्हणजे बाग; उत्तर, लालबाग. दुसरा संकेत असा: ‘सात गुणांचा चेंडू शिपायांच्या ठाण्यास लागला, वस्ती मात्र परळनजीकचीच.’ काळा आणि चौकी मिळून काळाचौकी. परळच्या माणसाच्या तोंडीं रोज असणारीं हीं नांवें क्षणभर अनोळखी होतात आणि पुन्हा ओळखीचीं होतात. कोड्याचा सारा आनंद एवढाच.

यांत कोडेकार खोटें बोलला काय? इंग्रज कोडेकार रिची यानें ‘आफ्रिट’ या टोपणनांवानें १९४९ मध्यें जो दंडक घालून दिला, त्याचा आशय असा कीं, संकेताचा वरवरचा अर्थ भलताच असला तरी चालेल; परंतु शब्दशः पाहतां त्यांतून उत्तर निघालेंच पाहिजे. मोरोपंतांच्या श्लेषांवर वाढलेल्या मराठी वाचकास हें नवीन वाटूं नये. याच्या उलट धर्मराजाचें उदाहरण घ्या. अश्वत्थामा नांवाचा हत्ती मेला होता; म्हणजे त्याचे शब्द खरे होते, पण द्रोणाचार्यांस खरें कळूं नये हाच त्यांचा हेतु होता. कोडेकाराचे शब्द खोटे भासतात. पण तें खरें आज ना उद्यां कळावें, अशी त्याचीच इच्छा असते. स्नूकरमध्येंही प्रतिस्पर्ध्याच्या चेंडूचा सरळ मार्ग अडविणें न्याय्य आहे, कारण टेबलाच्या कडेवरून वळसा घेऊन जाण्याची वाट सहसा उरते. मात्र आपला स्वतःचा नियमभंग पंचाच्या नजरेंतून सुटला, तरी तो आपणच सांगावा, असा या खेळांतला शिष्टाचार आहे.

कोणी म्हणेल, हा सगळा रिकामा शब्दच्छल. पण या भेदावर एकदां सर्वोच्च न्यायालयास निर्णय द्यावा लागला. बंगळूरच्या ‘स्पोर्टिंग स्टार’ पत्रांतील बक्षिसी शब्दकोड्यांचा प्रसार मुंबई राज्यांत मोठा होता. प्रवेशशुल्क भरावयाचें, सारखेच शोभणाऱ्या दोन शब्दांतून एक निवडावयाचा, आणि आधींच मोहोरबंद करून ठेवलेल्या उत्तराशीं तो जुळला तर बक्षीस! चमारबागवाला खटल्यांत ९ एप्रिल १९५७ रोजीं न्यायालयानें हा जुगार ठरविला. त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावांवर आंकडा लावणारे गिरणगांवांतही होते. पण आंकड्यानें बुद्धीचा आव कधीं आणला नाहीं. बक्षिसी कोड्यानें मात्र नशिबास विद्येचा वेष चढविला, आणि शब्द ओळखतां येतो या गरीब माणसाच्या साध्या अभिमानावर पैसा मिळविला. आमच्या मतें खरी फसवणूक ती हीच.

तेव्हां सत्य झांकलें कीं उघडें ठेवलें, एवढ्यावर दोषाचा निर्णय होत नाहीं. शोधणाऱ्यास वाट ठेवली आहे कीं नाहीं, हें पाहावें लागतें. शिक्षक उत्तर राखून ठेवतो तें विद्यार्थ्यास तें सांपडावें म्हणून. सावकाराच्या दस्तऐवजांतली बारीक ओळ लिहिलेली असते ती कुळास सांपडूं नये म्हणून. दोघेही लपवितात. परंतु पहिल्याचें लपविणें दुसऱ्याच्या बुद्धीवर विश्वास ठेवतें, आणि दुसऱ्याचें तिच्या दुर्बलतेवर जगतें. आपण कोणाशीं बोलतांना कांहीं राखून ठेवतों, तेव्हां यांपैकीं कोणाच्या पंक्तीस बसतों, एवढें ज्यानें त्यानें स्वतःस विचारावें.