वजनाची वही

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



या वार्षिक अंकात माझे नाव दरवर्षी शेवटच्या पानावर असते, उत्सवाच्या जमाखर्चाखाली. बँकेतून निवृत्त झालो, बी.कॉम. झालेला माणूस, तेव्हा ट्रस्टींनी हिशेब माझ्याकडे सोपवले. यंदा संपादकांनी लेख मागितला. मी प्रवचनकार नाही. पण गेल्या दत्तजयंतीला पारायणाच्या सांगतेनंतर चार शब्द बोललो होतो, ते ऐकून दोन-तीन वडीलधारे मागे थांबले आणि हळूच म्हणाले, "आमच्याकडेही हेच आहे हो." म्हणून लिहितो आहे. हाही एक हिशेबच आहे, फक्त माझ्या स्वतःच्या ताटाचा.

माझे वडील 1991 साली हृदयविकाराने गेले. वय 54. मी तेव्हा 32 वर्षांचा, अंगाने स्थूल. पुढच्या जानेवारीत एक लांब वही आणली, रेघा मारल्या आणि पहिल्या ओळीत लिहिले : आरंभीची शिल्लक, 78 किलो. तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत, म्हणजे 27 वर्षे, ती वही मी चालवली. एका वहीच्या पुढे चार झाल्या. डावीकडे काय खाल्ले, उजवीकडे काटा काय बोलला.

भीतीपोटी सुरू केलेली गोष्ट होती, तिला मी शिस्त म्हणत असे. आधी भात सोडला. मग तूप, मग साखर. एकदा आठवडाभर नुसते कोबीचे सार. एकदा नुसती फळे. कुणी सांगितले पोळी नको, पोळी बंद; दुसऱ्याने सांगितले पोळीच खा, भात विष आहे, की भात पुन्हा बंद. सौ. दोन स्वयंपाक करायची, एक घराचा आणि एक माझा. महिना दीड महिना वजन उतरायचे, ऑफिसात कौतुक व्हायचे. आणि मग एखाद्या रात्री सगळे झोपले की मी स्वयंपाकघरात उभा, दिवा न लावता चिवड्याचा डबा रिकामा करायचो. उभ्यानेच. चव कळायची नाही. सकाळी वहीत त्या डब्याची नोंद नसे. 34 वर्षे बँकेत एक पैशाचा फरक निघाला तरी रात्री बसून शोधणारा मी, घरच्या वहीत खोटे लिहीत होतो.

निवृत्तीनंतर रिकामा वेळ होता म्हणून चारही वह्यांची बेरीज मारली. कमी केलेले एकूण वजन 140 किलो. परत वाढलेले 146 किलो. अखेरची शिल्लक 84. सत्तावीस वर्षांच्या उपाशीपणाचा ताळेबंद हा : सहा किलो जास्त.

याहून अवघड गोष्ट आता लिहितो. यात मी महाराजांनाही ओढले. गुरुवारचा उपवास आमच्या घरात आजोबांपासून. मी तो कडक केला. लोकांना वाटे केवढी निष्ठा! पण माझा जीव शुक्रवारच्या सकाळच्या काट्यात अडकलेला असायचा. गुरुचरित्राचा सप्ताह केला की आठवे अध्याय किती झाले याहून, कमरेचा पट्टा किती घरे आत गेला हे. एकदा नरसोबाच्या वाडीला गेलो असता प्रसादाचे पेढे हाती आले. सौ.ची पाठ वळताच मी घाटाच्या पायऱ्यांवर गेलो आणि माझा पेढा कृष्णामाईत माशांना टाकला. मासे वर आले, क्षणात संपवून गेले. मला वाटले, सुटलो. मागे वळलो तर ही उभी. काही बोलली नाही. परतीच्या एस.टी.त सांगलीपर्यंत खिडकीबाहेर बघत होती.

तरी मी शहाणा झालो नाही. शहाणपण आले ते 2019 च्या दत्तजयंतीला. माझी नात तेव्हा नऊ वर्षांची. नैवेद्याच्या ताटातली पुरणपोळी तिने बाजूला सारली. म्हटले, काय गं, बरं नाही का? तर म्हणाली, "आबा, पुरणपोळी तुमच्या वहीत वाईटमध्ये आहे ना?" संध्याकाळी तिच्या दप्तरात मला एक छोटी वही सापडली. माझ्यासारख्याच रेघा. डावीकडे लिहिलेले, आज दोन वेळा भात खाल्ला. उजवीकडे एकच शब्द : वाईट.

दत्तजन्माचा सोहळा झाला, सुंठवडा वाटला गेला. मी वाटपाच्या रांगेत उभा होतो, पण हात थरथरत होते. आपण गेल्यावर घराला काय ठेवून जाणार, तर ही वही?

त्या रात्री एकादश स्कंध काढला. अवधूत आणि यदुराजाचा संवाद आपणा सर्वांना ठाऊक आहे. त्या अवधूताला आपण दत्तप्रभू मानतो. त्यांनी चोवीस गुरू केले, त्यांत मासाही आहे. आमिषाला भुलून गळाला लागतो, जिभेपायी जीव गमावतो, हे लहानपणापासून ऐकले होते. माझ्या सगळ्या उपासमारीला मी हाच आधार देत असे. जीभ जिंकली की सगळे जिंकले, हे खरेच तिथे आहे. पण त्याच ठिकाणी, त्याच्या अगदी अलीकडे, आणखी एक गोष्ट सांगितली आहे. अन्न सोडून बसलेला मनुष्य बाकीची इंद्रिये लवकर आवरू शकतो, पण जीभ मात्र नाही. उपाशी माणसाची जीभ उलट वाढतच जाते. मी तीस वेळा वाचले असेल. जे हवे तेवढेच वाचले होते. एकनाथ महाराजांनी याच एकादश स्कंधावर भागवत लिहिले, काशीत 1573 साली पूर्ण केले, आणि त्यांचे गुरू जनार्दनस्वामी दत्तोपासक. म्हणजे हा ग्रंथ आपल्या घरचाच. आणि घरच्याच ग्रंथात माझ्या चिवड्याच्या डब्याचे कारण लिहून ठेवलेले होते!

याला जुनी पोथी म्हणून कुणी बाजूला ठेवील, म्हणून सांगतो. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात 1944-45 मध्ये अँसेल कीज नावाच्या शास्त्रज्ञाने 36 धडधाकट तरुणांवर, त्यांच्या संमतीने, सहा महिने अर्धपोटी ठेवण्याचा प्रयोग केला. युद्धात उपाशी राहिलेल्यांना पुन्हा कसे खाऊ घालावे हे शिकायचे होते. त्या मुलांना दिवसरात्र अन्नाशिवाय काही सुचेना. काहीजण तर पाककृतींची पुस्तके जमवत बसले. आणि पुढे पोटभर मिळू लागल्यावरही कित्येकांना भूक भागल्यासारखी वाटेना. चांगली, निग्रही मुले होती ती. दोष त्यांच्या चारित्र्यात नव्हता, उपाशीपणात होता. हे वाचले तेव्हा स्वयंपाकघरात अंधारात उभ्या असलेल्या त्या माणसाची मला प्रथमच कीव आली. इतकी वर्षे मी त्याला शिव्याच घातल्या होत्या.

मग जीभ जिंकायची कशी? मोकळी सोडायची का? नाही हो. अवधूताने उत्तर दुसऱ्या दोन गुरूंत ठेवले आहे असे मला वाटते. विद्वानांनी चूकभूल द्यावी घ्यावी. एक मधमाशी : फुलाफुलातून थोडे थोडे घेते, फुलाला इजा करीत नाही. दुसरा अजगर : जे समोर आले ते, गोड असो बेचव असो, थोडे असो फार असो, कुरकुर न करता घेतो. दोघांजवळही वही नाही. भगवंतांनी गीतेच्या सहाव्या अध्यायात हेच सांगितले की अति खाणाऱ्याला योग साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही. पहिल्या अर्ध्यावर आपली किती प्रवचने होतात! दुसरे अर्धे कुणी ऐकवत नाही. आणि सतराव्यात तर दंभाने, शास्त्रात नसलेली घोर तपे करून देह जाळणाऱ्यांना असे बजावले आहे की तुम्ही आत बसलेल्या मलाच पीडा देता. तो अध्याय मी दोन दिवस पुढे वाचू शकलो नाही.

आपल्या दत्तसंप्रदायाचे दैवत तर भिक्षेकरी आहे. झोळीत पडेल ते घेणारे. अमरापूरच्या त्या दरिद्री ब्राह्मणाची कथा आठवा. भिक्षा न मिळाली की दारच्या घेवड्याच्या शेंगांवर घर दिवस काढायचे. श्रीगुरू दारी आले, माउलीने शेंगाच शिजवून वाढल्या. महाराज जेवले, तृप्त झाले, आणि जाताना वेल उपटून गेले. त्या वेलाच्या बुडाशी द्रव्याचा कुंभ निघाला. आपण कुंभ लक्षात ठेवतो. मला आता त्याआधीचे आवडते, महाराज पाटावर बसले आणि वाढलेले जेवले. घेवडा त्यांना प्रिय म्हणून आपण आजही नैवेद्याला करतो.

डॉक्टरांकडे गेलो. सगळ्या वह्या पुढे ठेवल्या, ते हसले नाहीत. रक्तदाबाची गोळी चालू ठेवली, तपासण्या केल्या, आणि वजन खाली-वर करणे थांबवा, वेळेवर साधे जेवा, रोज चाला, एवढेच सांगितले. (ज्यांना मधुमेह वा मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी आपापल्या डॉक्टरांचे पथ्य पाळायचेच. पथ्य वेगळे, हे वेड वेगळे. माझा लेख दाखवून कुणी जिलब्या मागू नयेत.)

सोपे गेले असे नाही. पहिले दोन महिने मी फार खाल्ले. भात तर एखाद्या दुष्काळातून आल्यासारखा. वजन वाढले, घाबरलो, नवी वही आणायला दुकानापर्यंत गेलोही. दुकान बंद होते. महाराजांची कृपा म्हणा किंवा सोमवारची सुट्टी. सौ.ने एक नियम घातला : उभ्याने खायचे नाही. बसायचे, पान वाढून घ्यायचे, श्लोक म्हणायचा, मग घास. आणि मधे एकदा थांबून स्वतःला विचारायचे, अजून हवे का? इतकी वर्षे काट्याला विचारत होतो, पोटाला विचारायचे असते हे ठाऊकच नव्हते. सुरुवातीला पोटाने उत्तरच दिले नाही. हळूहळू देऊ लागले.

एके दिवशी सौ. डबे घासायला काढत होती. चिवड्याचा डबा उघडून नाक मुरडले. "अहो, हा खवट झाला की! दिवाळीचा पडून आहे." माझ्यावर चिडली, अन्न वाया गेले म्हणून. मी देवघरात गेलो आणि महाराजांच्या तसबिरीपुढे बराच वेळ बसलो. त्या घरात आजवर चिवडा कधी खवट झालाच नव्हता.

गुरुवार अजून करतो. उपवास म्हणजे जवळ राहणे, असे आपले शास्त्री सांगतात. "एकादशी अन् दुप्पट खाशी" तेही नाही आणि निरंकार तेही नाही. सकाळी अभिषेक, दुपारी घरात जे असेल ते, रात्री दूध किंवा मऊ भात. काटा भंगारवाल्याला दिला. वजन सहा महिन्यांनी डॉक्टर बघतात, आकडा मी विचारत नाही. मागच्या पौर्णिमेला वाडीला गेलो होतो. बासुंदी घेतली, दोघांत एक वाटी. पेढा तिथेच घाटावर बसून खाल्ला. हिने विचारले, कसा आहे? म्हटले, खव्याचा वास छान आहे. खरेच होता.

नातीची ती छोटी वही मी परत दिली नाही, आणि माझ्या चार वह्या तिच्यासमोर फाडल्या. माफी मागितली. नऊ वर्षांच्या मुलीची माफी मागताना शब्द सापडत नाहीत. ती आता दहावीत आहे. या वयातल्या मुलींना आरसा आणि मैत्रिणी काय काय सांगत असतील, कोण जाणे. परवा रात्री तिने ताट पुढे सरकवले, भूक नाही म्हणाली. मला जे पूर्वी सुचले असते ते काही बोललो नाही. पानावरून उठलोही नाही. तिच्या शेजारी बसून, वरणभात कालवून, सावकाश जेवत राहिलो. थोड्या वेळाने ती म्हणाली, "आबा, ते लिंबाचं लोणचं इकडे द्या ना."

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥