सुटून आलेल्याला आपण काय विचारतो?

एखादा माणूस मोठ्या संकटातून सुटून घरी येतो, तेव्हा आपण त्याला आधी काय विचारतो? 'बरा आहेस ना?' की 'तू कसा काय सुटलास?' दोन्ही प्रश्न साधेच आहेत. पण दुसऱ्या प्रश्नात कधीकधी संशयाचा काटा लपलेला असतो. दुसऱ्या महायुद्धातील एक सत्यघटना यासंदर्भात विचार करायला लावते.

मिखाईल देव्यातायेव हा सोव्हिएत लढाऊ वैमानिक. जुलै १९४४ मध्ये त्याचे विमान पाडले गेले आणि तो जर्मनांच्या हाती सापडला. साक्सनहाउझेनच्या छळछावणीत एका न्हाव्याने त्याचा बिल्ला एका मृत कैद्याच्या बिल्ल्याशी बदलला आणि त्याचा जीव वाचवला. पुढे त्या मृताच्याच नावाने त्याला बाल्टिक समुद्रातील उझेडोम बेटावर मजुरीसाठी नेण्यात आले. याच बेटावर पेनेम्युंडे येथे जर्मनांचे रॉकेट केंद्र होते.

८ फेब्रुवारी १९४५ रोजी, जेवणाच्या सुट्टीत, दहा कैद्यांनी पहारेकऱ्याला ठार केले आणि धावपट्टीवरचे हाइन्केल जातीचे बॉम्बफेकी विमान ताब्यात घेतले. देव्यातायेवने असले विमान पूर्वी कधी चालवले नव्हते. पहिला प्रयत्न फसला. दुसऱ्या वेळी साथीदारांनीही सुकाणूवर जोर लावला, तेव्हा कुठे विमान उडाले. आपल्या हद्दीत शिरताच त्यांच्यावर गोळीबार झाला, तो त्यांच्याच सैन्याच्या तोफांचा! तरीही दहाही जण जिवंत उतरले.

येथे गोष्ट आनंदाने संपायला हवी होती. परंतु ऑगस्ट १९४१ च्या सोव्हिएत हुकुमाने शरण जाणाऱ्या अधिकाऱ्यांना पळपुटे ठरवले होते, आणि कैदेत पडलेल्या प्रत्येकाकडे संशयाने पाहिले जाई. उपासमारीने खंगलेले कैदी शत्रूचे विमान पळवतात, हे शत्रूच्या मदतीशिवाय कसे शक्य आहे, असे चौकशी करणाऱ्यांना वाटले. सात जणांना लवकरच पुन्हा आघाडीवर पाठवण्यात आले. त्यांपैकी बहुतेक जण युद्धात मारले गेले. देव्यातायेव संशयाखालीच जगला. युद्धानंतर कझान शहरात त्याने व्होल्गा नदीवरील बोटींवर काम केले. १९५७ साली, बारा वर्षांनी, त्याला 'सोव्हिएत संघाचा वीर' हा किताब मिळाला. २००२ साली तो वारला.

आता प्रश्न असा, की चौकशी करणारे चुकले का? युद्धकाळात हेर असतात. सावध राहणे हे सरकारचे कर्तव्यच असते. चौकशी करणे म्हणजे अन्याय नव्हे. परंतु उत्तर आधीच ठरवून प्रश्न विचारला, तर ती चौकशी राहत नाही. त्या दहा जणांचे धाडस जितके मोठे, तितकाच त्यांच्यावरचा संशय गडद झाला. मेले असते तर ते हुतात्मे ठरले असते. जगले, म्हणून आरोपी ठरले!

आपण हसतो, 'ते सरकारच तसे होते' म्हणतो. पण आपल्या आळीत काय घडते? सासरचा छळ असह्य होऊन मुलगी माहेरी परतते, तेव्हा 'हिचेच काही चुकले असेल' असे आपण कुजबुजतो. व्यसनमुक्ती केंद्रातून आलेल्या मुलाचे तोंड हुंगतो. निर्दोष सुटलेल्या माणसाबद्दल 'पैसे चारले असतील' म्हणतो. त्यांनी काय सोसले, हे विचारायला मात्र कुणालाच सवड नसते.

खरे काय ते शोधायलाच हवे. पण आधी त्या माणसाला बसायला पाट द्यावा, पाण्याचा तांब्या पुढे करावा. मग त्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घ्यावे. आणि तो खरा ठरला, तर तसे चारचौघांत सांगायला बारा वर्षे लावू नयेत.