राखायचा गंज

पांढरकवडा आणि बंदूक हे दोन शब्द एकत्र आले की आठवते ती २ नोव्हेंबर २०१८ची रात्र, अवनी वाघिणीला गोळी घातली गेली ती. त्यावरून झालेल्या वादात इथे शिरायचं नाही. पण केळापूर तालुक्यातल्या या गावावरून जो नागपूर-हैदराबाद रस्ता जातो, त्याचं बंदुकीशी आणखीही एक नातं आहे, आणि ते पुष्कळ जुनं आहे.

पाटणबोरी मागे टाकून पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद, मग निर्मल, आणि गोदावरीपलीकडे निजामाबाद जिल्ह्यातलं कोनासमुद्रम. तिथे मुशीत पोलाद गाळत. १८२०च्या दशकात डॉ. व्हॉयसी यांनी ती रीत पाहून लिहून ठेवली. (व्हॉयसी त्रिकोणमितीय सर्वेक्षणातले डॉक्टर आणि भूगर्भतज्ज्ञ.) हे पोलाद न्यायला थेट इराणचे व्यापारी येत. त्याच्या पात्याला आम्ल लावलं की अंगावर लहरींची नक्षी उमटे. युरोपात अशा पात्यांवर दमास्कसचं नाव चिकटलं, आणि पोलाद गाळणारे विसरले गेले.

पुढे तेच नाव बंदुकीच्या नळीला मिळालं. नळीचं पोलाद मात्र मुशीतलं नव्हे. बेल्जियममधल्या लिएजचे आणि इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचे कारागीर लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या एकावर एक रचत, तापवून एकजीव करत, त्यांचे गज ओढत आणि सुंभ वळावा तसा प्रत्येक गजाला पीळ देत. असे दोन-तीन गज शेजारी जोडून त्यांची फीत सळईभोवती गुंडाळायची आणि घणाखाली सांधा मिटवायचा. मग आतून भोक पाडायचं, बाहेरून घासायचं. एवढं करून हाती येते ती साधी पांढरी नळी. पिळाचा मागमूसही दिसत नाही.

तो दिसावा म्हणून कारागीर नळीला मुद्दाम गंज चढवी. तेलाचा अंशही राहू नये म्हणून चुन्याने पुसायची, आम्लाचं पातळ द्रावण फिरवायचं, ओलसर उबेत ठेवायची. गंज धरला की उकळत्या पाण्याने तो थांबवायचा, सैल भुकटी ब्रशने झाडायची आणि पुन्हा पहिल्यापासून. लोखंड आणि पोलाद सारखे गंजत नाहीत. एक गडद होतं, दुसरं फिकं राहतं, आणि पीळ हळूहळू वर येतो. जुन्या दुनळीच्या नळीवरचा तो तपकिरी रंग म्हणजे मोजूनमापून चढवलेला गंजच.

अशी जुनी बंदूक जपणाऱ्या संग्रहालयाचं खरं कोडं इथे आहे. सगळा गंज काढला तर कारागिरी गेली. सगळा ठेवला तर बंदूक गेली. निवड करता आली पाहिजे. धातूला घट्ट चिकटलेला, गुळगुळीत, काळपट थर राहू द्यायचा. नारिंगी, भुकटी सुटणारा, खाली खड्डे पाडणारा गंज थांबवायचा. हा दुसरा बहुधा नळीच्या आतून सुरू होतो, कारण काळ्या दारूची राख हवेतलं पाणी ओढून घेते. लाकडाचा दस्ता आणखी अडचणीचा. लोखंडाला कोरडी हवा हवी, तर फार कोरड्या हवेत अक्रोडाचं लाकूड तडकतं. विदर्भाचा मे आणि विदर्भाचा ऑगस्ट दोन्ही सोसणाऱ्या खोलीत दोघांना सांभाळणं सोपं नाही. बंदूक दस्त्यावर उभी ठेवून तेल पाजत राहिलं तर तेल खाली झिरपून लाकडाचा सांधा मऊ पडतो, म्हणून ठेवायचीच झाली तर नळी खाली करून. तेलापेक्षा मेणाचा पातळ हात बरा, तो पुढे काढताही येतो. आणि हात लावताना हातमोजे, कारण घामातल्या मिठाने बोटांचे ठसे लोखंडात कोरले जातात.

घरोघरच्या बंदुकांचं नुकसान मात्र हयगयीने झालं तितकंच प्रेमानेही झालं, असं माझं मत आहे. खंडेनवमीला शस्त्र लख्ख हवं म्हणून चिंचेने, राखेने घासायचं, हल्ली ब्रासोने. शेवटी ओलं हळदकुंकू. अशा पंचवीस-तीस पूजांनंतर नळी आरशासारखी होते आणि पीळ नाहीसा होतो. शिवाय दस्त्याजवळची कारखान्याची मोहोर आणि नळीच्या चाचणीचे ठसेही झिजतात. बंदूक कुठली, केव्हाची, हे सांगणारा दुसरा पुरावा सहसा नसतो. पुन्हा गंज चढवून पीळ दाखवता येतो, पण तो आजच्या माणसाचा. आणि झिजलेला ठसा काही परत येत नाही.

नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, आपला अजब बंगला, १८६३पासून आहे. रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला हैदराबादचं सालारजंग. दोन्हीकडे शस्त्रांची दालनं आहेत. तिथे मूठ आणि सोन्याची कलाकुसर पाहून पुढे सरकू नका, नळीला तिरकस उजेड पडतो तिथून बघा.

आणि घरात आजोबांची ठासणीची बंदूक किंवा दुनळी असेल तर एवढं करा. ती कितीही जुनी, कितीही निकामी असली तरी परवान्याची गरज नाही असं घरच्या घरी ठरवू नका, पोलीस ठाण्यात विचारा. जमा करायची वेळ आलीच तर आधी मोहोर आणि ठसे यांचे फोटो काढा आणि संग्रहालयाला दाखवा. या खंडेनवमीला कुंकू पाटावर वाहा, फुलं समोर ठेवा. नळी घासू नका.