नेम घरापर्यंत पोचावा



आपल्या संप्रदायात नेम दोन प्रकारचे. एक ज्याचा त्याचा, दुसरा सर्वांनी मिळून करावयाचा. स्नान करून गोपीचंदन लावावे, तुळशीला पाणी घालावे, सांजवेळी हरिपाठ म्हणावा, एकादशी करावी, हा घरचा नेम. वारी, दिंडी, कीर्तन आणि काला, हा समाजाचा नेम.

कोणी विचारतो, "देव भावाचा भुकेला ना? मग हा खटाटोप कशाला?" प्रश्न रास्त आहे. पण आम्ही म्हणतो, भाव ही ज्योत आणि नेम ही कंदिलाची काच. आत ज्योत नसेल तर काच अंधारीच; आणि काच नसेल तर ज्योत पहिल्या वाऱ्याला विझते. गळ्यात तुळशीची माळ पडली की मद्यमांस सुटते. बाजारच्या दिवशी सोबती गुत्त्याकडे ओढू लागला तर हात आपसूक माळेवर जातो आणि पाय मागे फिरतो. तेथे प्रवचन सांगायला कोण असतो? माळच सांगते.

२०२० आणि २०२१ या दोन साली साथीमुळे पायी वारी झाली नाही. संतांच्या पादुका एस. टी. च्या गाडीने पंढरीस गेल्या. ज्यांचा घरचा नेम पक्का होता, त्यांनी उंबऱ्याच्या आत वारी सांभाळली. तरी चुकल्या-चुकल्यासारखे वाटलेच. २०२२ साली दिंड्या पुन्हा वाटेला लागल्या, तेव्हा कळले की एकट्याने नेम टिकतो, पण चार जणांच्या संगतीने तो वाढतो.

संगत काय शिकवते ते पाहा. माउलींच्या पालखीचा मुक्काम पडला की समाजआरती असते. टाळमृदंगाचा गजर चाललेला असतो. चोपदार दंड उंचावतात आणि हजारोंचा समाज क्षणात शांत होतो. पण एखाद्या दिंडीचे गाऱ्हाणे असले तर ती टाळ थांबवीत नाही. चोपदार तिच्याकडे जातात, म्हणणे ऐकून घेतात, समजूत घालतात, मग आरती. हरवल्या-सापडल्या वस्तूही तेथेच पुकारतात. बाबांनो, देवाची आरती माणसाच्या गाऱ्हाण्यासाठी थांबते! केवढी ही शिकवण!

आता आपल्या घरी पाहू. दिवा लागतो, हरिपाठ होतो, आणि सून चुलीपाशी पदराने डोळे पुसत असते. तिचा टाळ कोणाच्या कानी पडतो काय? वाटेत अनोळखी माणसाला 'माउली' म्हणून त्याच्या पाया पडायचे, आणि गावी आल्यावर हातभर बांधासाठी सख्ख्या भावाशी अबोला धरायचा, तर वारी वेशीबाहेरच राहिली म्हणावी. पायांना चालणे घडले. मनाला घडले नाही.

म्हणून आमची एवढीच विनंती. येत्या एकादशीला उपास कराल, जागर कराल, ते उत्तमच. पण हरिपाठाला बसण्यापूर्वी क्षणभर टाळ खाली ठेवा आणि घरच्यांना विचारा, "कोणाचे काही म्हणणे आहे का?" असेल ते ऐकून घ्या. ज्याच्याशी अबोला आहे त्याच्या दारी आपण होऊन जा. लहान-मोठेपणा आड आला तर वाळवंट आठवा. तेथे बाप लेकाच्या पाया पडतो. मग द्वादशीचे पारणे दोघांनी एका पंक्तीला बसून सोडा. त्या घासाला काल्याची गोडी येईल.

रामकृष्णहरि.