प्रश्न कोणाचा?

आम्ही शिक्षक माणसे फॉर्म भरण्यात तरबेज. दरवर्षी शाळेतल्या अपंग मुलांची यादी करायची असते. (आता 'दिव्यांग' म्हणायचे. २०१५ साली हा शब्द वरून आला, तेव्हा अपंगांच्याच अनेक संघटनांनी हरकत घेतली होती.) आमच्या वर्गात एक कमी दिसणारा मुलगा होता. आम्ही त्याच्या अम्मीला सगळे विचारले, रकाने भरले आणि त्याला पहिल्या बाकावर बसवले. दोन महिन्यांनी तो हळूच म्हणाला, "सर, यहाँ से बोर्ड चमकता है. तीसरी बेंच से ज़्यादा दिखता है." मुलगा समोर उभा होता आणि आम्ही त्याच्याबद्दल दुसऱ्याला विचारत होतो!

संशोधनाच्या दुनियेतही हेच घडत आले आहे. इंग्लंडमध्ये हॅम्पशायर परगण्यात 'ल कोर्ट' नावाचे अपंगांचे निवासगृह होते. आपल्या घराच्या कारभारात आपला शब्द चालावा म्हणून तिथले रहिवासी झगडत होते. साठच्या दशकात त्यांनीच टॅव्हिस्टॉक संस्थेच्या संशोधकांना बोलावले. अभ्यास झाला तर आपली बाजू बळकट होईल, ही आशा. मिलर आणि ग्विन यांचे पुस्तक १९७२ साली आले. त्यात म्हटले होते की, अशा संस्थेत येणारा माणूस समाजाच्या लेखी मेलेलाच असतो आणि तिथून शरीराच्या मरणापर्यंत त्याला नीट पोहोचवणे हे संस्थेचे काम. तिथे राहिलेल्या पॉल हंट यांनी या संशोधकांना सरळ 'परजीवी' म्हटले. तो लेख त्यांच्या मृत्यूनंतर, १९८१ मध्ये छापला गेला.

हे संशोधक वाईट माणसे होती, असे आम्हाला वाटत नाही. ते स्वतःला तटस्थ समजत होते. पण किल्ल्या एकाच्याच हातात असताना मधोमध उभे राहणे म्हणजे तटस्थता का? संशोधकांचा सवाल होता, संस्था चांगली कशी चालेल? हंट यांचा सवाल होता, आम्ही इथे कोंडून का राहावे?

आपल्याकडे १९९१ च्या जनगणनेत अपंगत्वाचा प्रश्नच नव्हता. जावेद आबिदी आणि त्यांच्या साथीदारांनी झगडून तो २००१ मध्ये घालायला लावला, तेव्हा २ कोटी १९ लाख माणसे कागदावर आली.

भागीदारी बोलायला सोपी आहे. संशोधकाला पगार, अपंग सोबत्याला चहा-बिस्किट, आणि बैठक दुसऱ्या मजल्यावर. ही भागीदारी नव्हे. ज्याची समज संथ आहे, त्याच्यासाठी सोपे शब्द, चित्रे आणि त्याच्या गतीने वेळ द्यावा लागतो. सगळ्यात अवघड म्हणजे, त्याने "हा अभ्यासच नको" म्हटले, तर कागद गुंडाळायची हिंमत आमच्यात आहे का? खरे सांगायचे तर आम्हाला खात्री नाही.

यंदाचा फॉर्म आला आहे. मुलाचे म्हणणे लिहायला त्यात रकाना नाही. मागच्या कोऱ्या बाजूला आम्ही त्यालाच विचारून लिहिले आहे: खिडकीला पडदा हवा.